रेकॉर्ड लेबलला डेमो कसा पाठवायचा? फाईल, लिंक, मेल आणि हक्क

बँडलॅबसारखं फुकट ॲप आणि बऱ्यापैकी माईक असला की आता घरच्या घरी मोबाईलवर डेमो तयार होतो. पण तो लेबलपर्यंत पोचवायचा कसा? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे मित्रांच्या गाण्यांच्या फायली आणि लिंक सांभाळायचं काम माझ्याच गळ्यात पडतं. त्यातून पक्कं झालेलं सूत्र एवढंच: समोरच्याला एका टॅपमध्ये गाणं ऐकू आलं पाहिजे.

१. आधी लेबल निवडा

सारेगामा, सागरिका, झी म्युझिक अशी नावं दिसली की सगळ्यांना एकच मेल टाकायचा मोह होतो. तो टाळा. लेबलने गेल्या वर्षभरात काढलेली गाणी ऐका. तुमचं गाणं त्यात शोभेल का? मगच वेबसाईटवर डेमोबद्दल काय लिहिलंय ते बघा. कुणी फॉर्म देतं, कुणी मेल आयडी. युनिव्हर्सल, सोनी, वॉर्नर यांसारख्या मोठ्या कंपन्या ओळखीशिवाय आलेले डेमो साधारणपणे घेत नाहीत, त्यामुळे सुरुवात छोट्या लेबलपासून करणं शहाणपणाचं.

डेमो म्हणजे शक्यतो रिलीज न झालेलं गाणं. ते आधीच स्पॉटिफायवर टाकलं असेल तर मेलमध्ये स्पष्ट सांगा.

२. फाईल कोणती?

सीडीच्या दर्जाची ४ मिनिटांची वेव्ह फाईल सुमारे ४२ एमबी होते. जीमेलची अटॅचमेंटची मर्यादा २५ एमबी आहे. तेच गाणं ३२० केबीपीएस एमपी३ मध्ये साधारण १० एमबीत बसतं. ऐकवण्यासाठी एमपी३ पुरते, पण मूळ वेव्ह जपून ठेवा. गाणं पसंत पडलं तर तीच मागतात. आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये रेकॉर्ड करत असाल तर सेटिंगमध्ये ऑडिओ क्वालिटी ‘लॉसलेस’ करा.

फाईलचं नाव ‘फायनल_नवीन_२’ असं नको. कलाकार, गाणं आणि वर्ष एवढं लिहा. एमपी३ च्या टॅगमध्येही नाव आणि मेल आयडी भरा. फाईल डाउनलोड होऊन मेलपासून वेगळी झाली, तरी ती कुणाची हे कळतं.

३. लिंक तपासा

अटॅचमेंट मागितली नसेल तर लिंकच द्या. साउंडक्लाउडवर गाणं ‘प्रायव्हेट’ ठेवून शेअर लिंक काढता येते, यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ हा पर्याय आहे. दोन्हीकडे गाणं लगेच वाजतं.

गूगल ड्राइव्हवर मात्र नवीन फाईल मुळात ‘रिस्ट्रिक्टेड’ असते. माझ्या एका मित्राने अशीच लिंक पाठवली. लेबलकडच्या माणसाने उघडायची परवानगी मागितली, पण ती विनंती गेली मित्राच्या कॉलेजच्या जुन्या मेल आयडीवर. त्याने ती तीन आठवड्यांनी पाहिली. तोवर विषय संपला होता. म्हणून ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय निवडा आणि लिंक इनकॉग्निटो टॅबमध्ये उघडून बघा. तिथे लॉगिन न करता गाणं वाजलं, तर समोरच्याकडेही वाजेल.

४. मेल कसा लिहायचा?

विषय: डेमो – गाण्याचं नाव – कलाकाराचं नाव. खाली चार-पाच ओळी बास:

‘नमस्कार, मी साताऱ्याचा गायक-गीतकार. तुमच्या लेबलचं अमुक गाणं आवडलं, माझं गाणं त्याच वळणाचं आहे. लिंक खाली दिली आहे. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग माझं स्वतःचं आहे. फोन नंबर सोबत आहे.’

तीनच्या वर गाणी नकोत, आणि सगळ्यात चांगलं आधी. लांबलचक इंट्रो असेल तर ‘मुखडा ०:४० ला’ असं लिहा. उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदाच आठवण करा.

५. हक्क सांभाळा

यूट्यूबवरून उचललेला ‘फ्री बीट’ बहुतेकदा कमाईसाठी फ्री नसतो. लायसन्स वाचा, नाहीतर लेबलला ते गाणं घेताच येणार नाही.

गाणं तयार झालं की कॉपीराइट आपोआप तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. तरी प्रोजेक्ट फायली तारखेसकट जपा, वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी पडतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी आणि सहीनेच देता येतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून करारात ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे शब्द कुठे आहेत ते आधी शोधा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा लेबलला करारानेही काढून घेता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करणारी संस्था म्हणजे आयपीआरएस. शब्द किंवा चाल तुमची असेल तर तिचं सदस्यत्व घ्या.

आणि ‘गाणं सिलेक्ट झालंय, आधी पैसे भरा’ असा फोन आला तर समजा, समोरचा तुमचं गाणं विकत घेत नाहीये, तुम्हाला सेवा विकतोय. करार हातात येऊन कुणा जाणत्याने वाचेपर्यंत पैसेही देऊ नका आणि मूळ वेव्ह फाईलही.