टाकणखार, माणिक आणि गाडीची बॅटरी

लिथियमचा विषय निघाला की आपली चर्चा एकाच प्रश्नावर अडते: साठा सापडला का? फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतल्या रियासीत ५९ लाख टनांचा अनुमानित साठा जाहीर झाला, तेव्हा माझ्या फोनवर दिवसभर अभिनंदनाचे फॉरवर्ड येत होते. पुढे त्याच खाणपट्ट्याच्या लिलावाला पुरेसे बोलीदार मिळाले नाहीत, त्याचा मात्र एकही फॉरवर्ड आला नाही. म्हणून आज खाणीबद्दल नाही, भट्टीबद्दल लिहितोय. पोस्ट थोडी लांब आहे, सांभाळून घ्या.

सोनार मुशीत चिमूटभर टाकणखार टाकतो, ते पाहिलंय ना? धातूवरची ऑक्साइडची पुटं तो वितळलेला क्षार स्वतःत विरघळवून घेतो. १८४७ च्या सुमारास पॅरिसजवळच्या सेव्र इथल्या चिनीमातीच्या कारखान्याचे प्रमुख एबेलमेन यांनी याच जातीच्या बोरिक आम्लात अ‍ॅल्युमिना आणि मॅग्नेशिया विरघळवले आणि मिश्रण कारखान्याच्याच भट्टीत ठेवून दिलं. आम्ल हळूहळू उडून गेलं आणि मागे उरले स्पिनेल रत्नाचे स्फटिक! १८७७ मध्ये फ्रेमी आणि फाइल या फ्रेंच जोडीने शिशाचं ऑक्साइड वापरून माणकं वाढवली. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये रेमेइका यांनी पोटॅशियम फ्लोराइडमधून बेरियम टायटॅनेटचे स्फटिक काढले. युक्ती आपल्या खडीसाखरेचीच, फक्त पाकाच्या जागी वितळलेलं मीठ.

आता बॅटरी. १९८० मध्ये ऑक्सफर्डला गुडइनफ, मिझुशिमा आणि सहकाऱ्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड हा कॅथोड दाखवला. विद्यापीठाला पेटंट घेण्यात रस नव्हता. शेवटी हारवेलच्या सरकारी अणुसंशोधन केंद्राने ते घेतलं, पण गुडइनफना आपल्या हक्कांवर पाणी सोडावं लागलं. १९९१ मध्ये बॅटरी बाजारात आणली ती जपानच्या सोनीने. गुडइनफना नोबेल मिळालं २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी. शोध इंग्लंडात, कारखाना जपानात. हे मला नेहमी खटकतं.

गाड्यांच्या बॅटरीत निकेल, मँगनीज आणि कोबाल्टचा मिश्र कॅथोड बराच वापरतात. त्याचा नेहमीचा कण म्हणजे बुंदीचा लाडू: शेकडो बारीक स्फटिक एकमेकांना चिकटलेले. चार्ज-डिस्चार्ज होताना प्रत्येक बुंदी आपापल्या दिशेने फुगते, आक्रसते. लाडवाला तडे जातात, तड्यांत इलेक्ट्रोलाइट शिरतो आणि बॅटरीचं आयुष्य घटतं. त्याऐवजी प्रत्येक कण खडीसाखरेच्या खड्यासारखा एकसंध असेल तर? कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या जेफ डान यांच्या गटाने असे कण वापरलेले सेल वर्षानुवर्षं तपासले आणि २०१९ मध्ये लिहिलं की असा सेल गाडी १६ लाख किलोमीटरच्या वर चालवू शकेल.

असे एकसंध खडे वाढवायची एक वाट म्हणजे तीच जुनी, वितळलेल्या मिठाची. जपानमध्ये नागानोच्या शिन्शू विद्यापीठात काट्सुया तेशिमा यांच्या गटाने याच पद्धतीवर वर्षानुवर्षं काम केलंय. साधं मीठ ८०१ अंशांना वितळतं, दोन क्षार योग्य प्रमाणात मिसळले की त्याहून बरंच खाली. त्या द्रवात अणू मोकळे फिरतात, स्फटिक सावकाश वाढतो. नंतर मीठ पाण्याने धुऊन टाकायचं.

ऐकायला सोपं, पण गोम धुण्यातच आहे. निकेल जास्त असलेल्या कॅथोडच्या पृष्ठभागातलं लिथियम पाणी ओढून घेतं. वितळलेलं मीठ मूसही खातं. शिवाय खारट सांडपाण्याचं काय करायचं? हे सगळं वर्षानुवर्षं भट्टीपुढे बसून शिकावं लागतं, खाणीतून उकरून मिळत नाही.

आपल्याकडे 'बॅटरी कारखाना' म्हणवणाऱ्या बऱ्याच ठिकाणी बाहेरून आलेले सेल जोडून पॅक बनतात. रोजगार मिळतो, त्याला नावं ठेवत नाही. पण पुढच्या वेळी आपल्या भागात बॅटरी प्रकल्पाचं भूमिपूजन झालं, तर नारळ फोडणाऱ्या साहेबांना एवढं जरूर विचारा: कॅथोडची पूड इथे भाजणार, की बाहेरून आणणार?