खेळातलं पॅरिस, खरा राग

तारीख २७ ऑक्टोबर २००५. पॅरिसजवळचं क्लिशी-सू-ब्वा. पोलिसांना चुकवत विजेच्या उपकेंद्रात लपलेली झिएद बेन्ना आणि बुना त्राओरे ही दोन मुलं शॉक लागून गेली. फ्रान्सची उपनगरं तीन आठवडे धुमसत राहिली. टीव्हीवर जळत्या गाड्या दिसत होत्या. पण पोरं एवढी चिडली का?

ॲलेक्स चॅन या चिनी वंशाच्या फ्रेंच डिझायनरला हेच सांगायचं होतं. सिनेमाचा अनुभव शून्य. हाताशी होता 'द मूव्हीज' हा नुकताच आलेला व्हिडिओ गेम. त्यात स्टुडिओ चालवायचा, तयार सेट आणि पात्रं घेऊन सिनेमेही बनवायचे.

गेममधून सिनेमा करण्याच्या या प्रकाराला 'मशिनिमा' म्हणतात. १९९६ मध्ये 'क्वेक' गेममध्ये केलेली 'डायरी ऑफ अ कॅम्पर' ही त्याची सुरुवात मानतात. ती जेमतेम दीड मिनिटाची गंमत होती.

चॅनचा 'द फ्रेंच डेमोक्रसी' मात्र तेरा मिनिटांचा. पोलिसांची अडवणूक, नोकरीतला भेदभाव, मग उद्रेक. गेममध्ये पॅरिस नव्हतंच, म्हणून न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे पॅरिसची मेट्रो झाली. बाहेरच्या जगालाही कळावं म्हणून संवाद इंग्रजी अक्षरांत पडद्यावर.

सेट उसना, हे लगेच कळतं. पण निर्माता शोधत बसला असता तर? मुलांच्या मृत्यूच्या खटल्यात दोन पोलीस निर्दोष सुटले, ते २०१५ मध्ये. चॅनचा सिनेमा आला तेव्हा घटनेला महिनाही झाला नव्हता.