एका कांस्यपदकाचा जमाखर्च

मल्लविद्येच्या व्यवहारात पहिलवानाच्या हाती द्रव्य दोन प्रसंगी पडते, एकदा कुस्तीपूर्वी आणि एकदा कुस्तीनंतर. कुस्तीपूर्वी जे मिळते तो खुराक. कुस्तीनंतर जे मिळते ते इनाम. इनाम देणारे पुष्कळ भेटतात, कारण हलगी वाजत असते, फेटे उडत असतात, आणि विजयी मल्लाच्या हातात नोट ठेवताना देणाऱ्यालाही त्या विजयाचा थोडासा अंश लाभल्यासारखे वाटते. खुराक देणाऱ्याला मात्र असे कोणतेच सुख नसते. ज्याच्या भवितव्याविषयी कसलीही हमी नाही अशा पोराच्या दूध-बदामाचा खर्च वर्षानुवर्षे सोसावयाचा, आणि तो पहिल्याच मोठ्या मैदानात चितपट झाला तर मुकाट्याने घरी परतावयाचे, एवढेच त्याच्या वाट्याला येते. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा दादासाहेब जाधवांनी १९५२ साली स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले, त्या पदकाचा इतिहास हा मुख्यतः खुराक कोणी दिला आणि इनाम कोणी दिले, याचा इतिहास आहे.

दक्षिण महाराष्ट्रात या खुराकाची जबाबदारी दीर्घकाळ संस्थानी दरबारांनी उचलली होती, आणि त्यांत कोल्हापूरचे स्थान अग्रगण्य होते. छत्रपती शाहू महाराज स्वतः कसरतीचे आणि कुस्तीचे भोक्ते. १९०२ मध्ये विलायतेच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून आल्यानंतर त्यांनी कोल्हापुरात खासबागेचे मैदान बांधविले, ते १९१२ साली खुले झाले, आणि हजारो प्रेक्षकांपैकी शेवटच्या रांगेतल्या माणसालाही मधल्या हौद्यातील डाव स्पष्ट दिसावा अशी त्याची रचना आहे. गावोगावचे होतकरू मल्ल तालमीत येऊन राहत, वस्तादांच्या आज्ञेत वाढत, आणि ताक, तेल, हळद व लिंबू घालून मुरविलेल्या तांबड्या मातीत पहाटे जोर-बैठका आणि लढती करीत. महाराजांच्या पश्चातही कोल्हापूर हे महाराष्ट्रातील मल्लांचे आश्रयस्थान राहिले, ते या दरबारी परंपरेच्या बळावर.

कराडला लागून असलेल्या गोळेश्वरात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला, तो दादासाहेब जाधवांच्या पाच मुलांतील धाकटा म्हणून. वडील स्वतः पहिलवान, तेव्हा पहिला वस्ताद घरातच होता, आणि पोराने पाचव्या वर्षापासून मातीत उतरावे हा त्यांचाच आग्रह. कृष्णाकाठच्या शेतकरी कुटुंबात एक मुलगा तालमीत जातो तेव्हा वस्तुतः सारे घरच तालमीत जाते. त्याच्या वाटणीची नांगरट भावांना करावी लागते, दुभत्या जनावराचे दूध बाजारात न जाता त्याच्या चरवीत जाते, आणि घरातल्या बायका आपल्या वाट्याचे तूप त्याच्या ताटात वाढतात, त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. जत्रेच्या फडात रेवड्यांवर आणि नारळावर सुरू झालेल्या त्यांच्या कुस्त्या लवकरच इनामाच्या कुस्त्यांपर्यंत पोहोचल्या. देहाने ते ठेंगणे आणि हलके. गर्दीत उभे राहिले असते तर हा मल्ल आहे असे कोणाच्या ध्यानातही आले नसते.

माध्यमिक शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले. बेचाळीसच्या चळवळीने सातारा जिल्हा पेटलेला असताना या विद्यार्थ्यानेही भूमिगतांना आसरा देण्याचे आणि त्यांची पत्रके पोहोचविण्याचे काम केले. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात ते दाखल झाले आणि तेथे बाबूराव बलावडे व बेलापुरे गुरुजी यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची कुस्ती पक्व झाली. प्रतिस्पर्ध्याच्या मानेला कवेत घेऊन त्याला क्षणार्धात भुईवर फेकणारा ढाक हा त्यांचा हुकमी डाव. शरीरबळापेक्षा चपळाईवर आणि डावाच्या अचूक वेळेवर त्यांची भिस्त असे, आणि हलक्या वजनाच्या मल्लाला ती तशीच असावी लागते.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा प्रवासाच्या खर्चाचा भार कोल्हापूर दरबाराने उचलला, आणि खुराकाची जुनी व्यवस्था अशा रीतीने साता समुद्रापलीकडेही एकदा निभावली गेली. परंतु लंडनला पोहोचल्यावर जी अडचण उभी राहिली ती द्रव्याची नव्हती. हयातभर मातीत लढलेल्या या तरुणाचा पाय तेथे गादीवर पडला. मातीच्या कुस्तीत एकच निकाल असतो, पाठ टेकली की कुस्ती संपली, आणि तोपर्यंत कितीही वेळ जावो. गादीवर मात्र ठरावीक मिनिटे, ठरावीक पकडी आणि पंचांचे गुण यांचे राज्य. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी तेथे त्यांना मार्गदर्शन केले. त्या अपरिचित नियमांत लढूनही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला, आणि इतक्या वरच्या स्थानी तोपर्यंत दुसरा भारतीय मल्ल पोहोचला नव्हता. परतल्यावर त्यांनी समाधान मानले नाही. वजनाचा गट बदलला, बॅन्टमवेटमध्ये उतरले आणि सरावाचे तास वाढविले.

लंडन आणि १९५२ च्या ऑलिंपिकचे हेलसिंकी यांच्या दरम्यान जी राजकीय घटना घडली तिचा उल्लेख खाशाबांच्या कथेत सहसा येत नाही, पण तिच्यावाचून पुढची कथा नीट उमगत नाही. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने ते इष्टच होते, आणि त्याविषयी खेद करण्याचे कारण नाही. परंतु दरबाराच्या खजिन्यातून पहिलवानांना, गवयांना आणि कारागिरांना जे काही मिळत होते त्याचा वारसा नव्या सरकारच्या कोणत्या खात्याकडे जावयाचा, याचा निर्णय त्या विलीनीकरणाच्या कागदांत झाला नव्हता. राजाश्रय मावळला होता आणि लोकाश्रयाची यंत्रणा अद्याप जन्मली नव्हती. त्या संधिकाळात आपल्या तारुण्याच्या ऐन भरात खाशाबा सापडले.

हेलसिंकीची वेळ आली तेव्हा आधी निवडीवरूनच वाद उत्पन्न झाला. निवड-स्पर्धेत आपल्यावर अन्याय झाल्याची त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा लढत झाली, तीत त्यांनी प्रतिस्पर्ध्याला सहज नमविले आणि संघात जागा मिळविली. त्यानंतर प्रश्न उरला पैशाचा. सरकारकडे केलेल्या अर्जातून गरज भागेना, तेव्हा गोळेश्वरच्या आणि आसपासच्या गावांच्या लोकांनी वर्गणी काढली. दुकानदारांनी, शेतकऱ्यांनी, मित्रांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावला. आणि तरीही तूट राहिली ती राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले तेव्हा भरून निघाली. विद्यार्थ्याच्या एका परदेशवारीसाठी शिक्षकाने डोक्यावरचे छप्पर तारण म्हणून द्यावे, आणि तेही हा विद्यार्थी काही जिंकून येईल याची कसलीही शाश्वती नसताना, ही गोष्ट आज वाचताना रम्य वाटते. त्या काळी ज्याला व्याजाचे हप्ते दिसत होते त्याला ती तितकी रम्य वाटली नसणार.

हेलसिंकीच्या गादीवर खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिको येथील मल्लांना पराभूत करून पुढची फेरी गाठली. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेली लढत प्रदीर्घ आणि अटीतटीची झाली व ती त्यांना गमवावी लागली. सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव यांच्याशीही त्यांना हार पत्करावी लागली. दोन लढतींच्या मध्ये नियमाप्रमाणे मिळावयाची विश्रांती त्यांना मिळाली नाही, आणि हरकत नोंदवावयाला भारतीय पथकाचा कोणी अधिकारी जवळ नव्हता, असे त्यांच्याविषयी लिहिणारे सांगतात. इशी पहिले, मामेदबेकोव दुसरे आणि खाशाबा तिसरे, असा २३ जुलै १९५२ रोजी निकाल लागला. दुसऱ्याच दिवशी भारतीय हॉकी संघाने अंतिम सामन्यात हॉलंडचा ६-१ असा पराभव करून सुवर्णपदक जिंकले, आणि देशाच्या कौतुकाचा मोठा ओघ साहजिकच तिकडे वळला. याच स्पर्धेत केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले, ही गोष्टही फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही.

मुलुखाने मात्र आपला हिशेब वेगळा ठेवला होता. कराडच्या रेल्वे स्थानकावरून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि एरवी पाव तासाच्या वाटेला सात तास लागले. त्या मिरवणुकीतील पुष्कळांनी निघताना वर्गणी दिलेली होती. ते परक्याच्या विजयावर उडी मारून आलेले प्रेक्षक नव्हते, तर आपली गुंतवणूक फळाला आली ते पाहण्यास आलेले भागीदार होते. खाशाबांनीही हे नाते ओळखले. सत्कार स्वीकारून ते स्वस्थ बसले नाहीत; कुस्त्यांची मैदाने भरवून, स्वतः त्यांत लढून, मिळालेल्या पैशांतून त्यांनी प्राचार्यांचे गहाण सोडविले. मिळालेल्या इनामातून आधी मिळालेल्या खुराकाची फेड करणारा मल्ल विरळाच. बहुतेकांच्या बाबतीत इनाम पुढच्या सोहळ्यात संपते.

त्यापुढचे त्यांचे आयुष्य प्रसिद्धीच्या दृष्टीने अत्यंत साधे आहे. १९५५ साली ते मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे ऑलिंपिक हुकले. सत्तावीस वर्षे नोकरी करून साहाय्यक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. दलातील स्पर्धांत ते झुंजले, तरुण शिपायांना कुस्ती शिकविली, आणि बंदोबस्ताच्या पाळ्या इतरांप्रमाणेच केल्या. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धांच्या वेळी ज्योत घेऊन धावणाऱ्यांत त्यांचा समावेश झाला, तोच त्यांच्या हयातीतील शेवटचा सार्वजनिक सन्मान म्हणावा लागेल. पदकाच्या नावावर त्यांनी राजकारण केले नाही, आपला उपयोग करून घ्या म्हणून कोणाच्या दारी गेले नाहीत. पत्नी, मुलगा आणि गावाकडचा विस्तृत गोतावळा यांच्या योगक्षेमात त्यांचे मन रमले. निवृत्तीनंतर त्यांनी ओढ घेतली ती गोळेश्वरच्या घराकडे आणि शेताकडे, आणि त्याच परिसरात १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. देहाने साठीही गाठली नव्हती.

यानंतर इनामे येऊ लागली. महाराष्ट्र शासनाने मरणोत्तर छत्रपती पुरस्कार दिला. त्यानंतर केंद्राचा अर्जुन पुरस्कार मिळाला. दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. पद्म सन्मान त्यांच्या हयातीत मिळाला नाही. त्यांच्यानंतर दुसऱ्या भारतीयाने ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळविले ते १९९६ साली अटलांटा येथे, लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये. म्हणजे मध्ये चव्वेचाळीस वर्षांचे अंतर पडले. हे अंतर गुणवत्तेच्या दुष्काळाचे होते असे मानणे कठीण आहे, कारण गोळेश्वरसारखी गावे या सर्व काळात पोरे जन्माला घालीतच होती आणि तालमीही चालू होत्या. अंतर होते ते खुराक देणाऱ्यांच्या अभावाचे. दरबार गेला तेव्हा त्याच्या जागी एक गाव, काही दुकानदार आणि एक गहाण पडलेले घर उभे राहिले, आणि एका पदकापुरते ते पुरेसे ठरले. पुढच्या पदकांसाठी तसेच धाडस गावांनी पुनःपुन्हा करावे, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणाला नव्हता. सरकारांनी खाशाबांना जे दिले ते सारे इनाम होते, मानाने दिलेले, थोडे उशिरा दिलेले. पण मल्ल घडतो खुराकावर, आणि तो ज्यांनी दिला त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही सभागृहाच्या दर्शनी भिंतीवर नाहीत.