ईस्ट इंडिया कंपनीचा पत्रव्यवहार

लंडनमधील कंपनीचे संचालक मंडळ आणि हिंदुस्थानातील मुंबई, मद्रास व बंगाल हे तीन इलाखे यांच्यामध्ये सतराव्या शतकापासून १८५८ पर्यंत चाललेला अधिकृत लेखी व्यवहार. परस्परांना कधीही न भेटणाऱ्या अधिकाऱ्यांनी एकच कारभार हजारो मैलांच्या अंतरावरून चालविण्याचा हा एक दीर्घकालीन प्रयोग होय. कारभाराची शिस्त आणि त्यातील दोष या दोन्ही दृष्टींनी त्याचा इतिहास उद्‌बोधक आहे.

केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या जहाजांना इंग्लंडहून हिंदुस्थानात पोहोचण्यास साधारणपणे पाच ते आठ महिने लागत. जहाजे मोसमी वाऱ्यांच्या बेताने सुटत असल्याने उत्तर तयार असले, तरी ते रवाना होण्यास वाट पाहावी लागे. परिणामी प्रश्न विचारून उत्तर हाती येईपर्यंत अनेकदा दीड ते दोन वर्षे लोटत. जहाज बुडण्याचा अथवा शत्रूच्या हाती पडण्याचा धोका असल्याने एकाच खलित्याच्या दोन किंवा अधिक प्रती वेगवेगळ्या जहाजांतून पाठविण्याचा प्रघात होता.

या विलंबावर उपाय म्हणून कंपनीने लेखनाची काटेकोर पद्धती विकसित केली. महसूल, लष्कर, राजकारण इ. विषयांसाठी स्वतंत्र खलिते लिहिले जात. खलित्यातील परिच्छेदांना क्रमांक असत आणि उत्तर देताना त्या क्रमांकांचा निर्देश केला जाई, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचा मुद्दाही नेमका ओळखता येई. सोबत जोडलेल्या कागदपत्रांची यादी दिलेली असे. गव्हर्नरच्या कौन्सिलमधील कामकाजाच्या नोंदींच्या नकलाही लंडनला पाठविल्या जात. त्यांत बहुमताच्या निर्णयाबरोबर विरोधी सभासदाचे मतही नोंदलेले असे. निर्णय घेणाऱ्याला आपली कारणे पुढे केव्हातरी तपासली जातील याची जाणीव राही, हा या पद्धतीचा मोठा गुण होता. हिंदुस्थानचा कारभार लेखणीच्या द्वारे चालतो व हेच त्याच्या सुव्यवस्थेचे एक कारण आहे, असे मत कंपनीच्या लंडन येथील कचेरीत १८२३ पासून काम करणारा तत्त्वज्ञ जॉन स्ट्यूअर्ट मिल याने १८५२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे मांडले.

तथापि सुव्यवस्थित पत्रलेखनाने अधिकाराचा प्रश्न सुटत नाही, हे पहिल्या इंग्रज–मराठे युद्धात स्पष्ट झाले. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टनुसार मुंबई व मद्रास इलाख्यांना बंगालच्या गव्हर्नर जनरलच्या संमतीवाचून युद्ध अथवा तह करण्यास मनाई करण्यात आली. मात्र निकडीचा प्रसंग आणि संचालक मंडळाची खास आज्ञा असे दोन अपवाद ठेवले गेले. त्यामुळे मुंबईकरांना कलकत्ता व लंडन असे दोन वरिष्ठ लाभले आणि त्या दोघांतही परस्परविचार होण्यास अनेक महिने लागत.

पेशवेपदासाठी झगडणाऱ्या रघुनाथरावाशी मुंबई सरकारने ६ मार्च १७७५ रोजी सुरतेचा तह केला आणि साष्टी व वसई यांच्या मोबदल्यात त्याला लष्करी मदत देऊ केली. कलकत्त्याची पूर्वसंमती घेतलेली नव्हती. मे महिन्यात गुजरातमध्ये आडास येथे लढाईही झाली. कलकत्त्याच्या कौन्सिलने मेअखेरीस तह अमान्य करून सैन्य मागे घेण्याचा हुकूम पाठविला, तेव्हा ही लढाई होऊन गेलेली होती. नंतर कलकत्त्याचा वकील कर्नल अप्टन याने पुणे दरबाराशी वाटाघाटी करून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला व रघुनाथरावाचा पक्ष सोडण्याचे मान्य केले. त्यानंतर, त्याच वर्षी, सुरतेच्या तहाला पसंती देणारा संचालक मंडळाचा खलिता मुंबईस येऊन पोहोचला. ज्या परिस्थितीवर तो लिहिला गेला, ती परिस्थिती तोवर पालटली होती, परंतु मुंबईकरांना त्यात आपल्या धोरणाचे समर्थन दिसले.

पुणे दरबाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की कंपनीच्या एका प्रतिनिधीने दिलेले वचन दुसऱ्याला बंधनकारक वाटत नव्हते. मुंबईकरांनी रघुनाथरावाला आश्रय देणे चालू ठेवले. १७७८ च्या अखेरीस त्यांचे सैन्य पुण्याकडे निघाले. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मराठ्यांनी त्याला कोंडीत पकडून तह करण्यास भाग पाडले. हा तहही वॉरन हेस्टिंग्जने नाकारला व युद्ध पुढे चालू राहिले. अखेर १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई मराठ्यांना परत मिळाली आणि रघुनाथरावाचा पक्ष इंग्रजांनी सोडला. म्हणजे रघुनाथरावाच्या बाबतीत पुरंदर येथे जे ठरले होते, तेथेच सहा वर्षांच्या रक्तपातानंतर व खर्चानंतर उभय पक्ष येऊन थांबले.

या अनुभवानंतर १७८४ च्या पिटच्या कायद्याने गव्हर्नर जनरलचा इतर इलाख्यांवरील अधिकार अधिक स्पष्ट केला. लंडनमध्ये नियंत्रण मंडळ स्थापन होऊन संचालकांच्या खलित्यांचे मसुदे त्याच्या मंजुरीसाठी जाऊ लागले. अधिकाराची संदिग्धता यामुळे कमी झाली, पण मसुदा दोन कचेऱ्यांतून फिरू लागल्याने उत्तरांचा विलंब वाढला. कित्येक खलित्यांना पुढील कामाच्या सूचनेऐवजी झालेल्या कामावरील अभिप्रायाचे स्वरूप आले.

वेगाचा प्रश्न एकोणिसाव्या शतकात सुटला. मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघून सुमारे महिन्याभरात सुएझला पोहोचली. पुढे इजिप्तमार्गे नियमित टपाल सुरू झाले. १८५४–५५ मध्ये कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास ही शहरे तारायंत्राने जोडली गेली. १८७० मध्ये समुद्रातील तारेने मुंबईचा इंग्लंडशी थेट संबंध जुळला. तोवर कंपनीची सत्ता संपुष्टात आली होती. आता भारतमंत्र्याला काही तासांत हुकूम देता येऊ लागला व हिंदुस्थानातील अधिकाऱ्यांचे स्वातंत्र्य त्या प्रमाणात संकुचित झाले.

कंपनीच्या या पत्रव्यवहाराचा मोठा भाग लंडन येथील ब्रिटिश लायब्ररीत व मुंबई इलाख्याशी संबंधित कागदपत्रे मुंबईच्या पुराभिलेखागारात जतन केलेली आहेत. मराठ्यांच्या इतिहासाचे ते एक महत्त्वाचे साधन आहे. मात्र कोणताही खलिता वाचताना तो लिहिला केव्हा आणि पोहोचला केव्हा, या दोन्ही तारखा पाहणे अभ्यासकाला आवश्यक ठरते.