धावण्याच्या सरावाचे नियोजन व नोंदी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
धावणे ही मानवाची नैसर्गिक क्रिया होय. परंतु सरावाचे काटेकोर नियोजन करून दैनंदिन नोंदींच्या आधारे ते तपासणे ही पद्धत प्रामुख्याने विसाव्या शतकात विकसित झाली. प्रस्तुत लेखात १९२० ते १९६० या कालखंडातील तिच्या चार टप्प्यांचा आढावा घेतला आहे.

घड्याळ आणि नाडी :
फिनलंडच्या पावो नुर्मीने १९२०, १९२४ व १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये ९ सुवर्णांसह १२ पदके मिळविली. तो हातात स्टॉपवॉच घेऊन धावत असे. प्रतिस्पर्ध्याच्या वेगापेक्षा आपण ठरविलेली वेळ त्याला महत्त्वाची वाटे.

जर्मन प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी घड्याळाला नाडीची जोड दिली. थोडे अंतर वेगाने धावून नाडीचे ठोके मिनिटाला सुमारे १८० पर्यंत न्यावयाचे आणि ते ९० सेकंदांत १२० पर्यंत उतरले तरच पुढील फेरी घ्यावयाची, असे 'इंटरव्हल ट्रेनिंग'चे सूत्र त्यांनी मांडले. विश्रांती हा सरावाचाच मोजता येणारा भाग ठरला. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ मध्ये मिलान येथे ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पार केले. हा विक्रम १९५५ पर्यंत अबाधित राहिला.

बॅनिस्टरचे नियोजन :
लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या रॉजर बॅनिस्टरला सरावासाठी दुपारच्या सुटीतील थोडाच वेळ मिळे. ४४० यार्डांच्या १० फेऱ्या आणि दोन फेऱ्यांमध्ये २ मिनिटांची विश्रांती, असा त्याचा कार्यक्रम होता. प्रत्येक फेरीचा वेळ ६६ सेकंदांवरून ६१ पर्यंत उतरला. मात्र पुढे कितीही प्रयत्न केला तरी तो कमी होईना. अशा वेळी सराव वाढविण्याऐवजी तो काही दिवस स्कॉटलंडमध्ये गिर्यारोहणास गेला. परतल्यावर त्याच फेऱ्या ५९ सेकंदांत पूर्ण झाल्या. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्ड येथे त्याने १ मैल अंतर ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पार केले. फेऱ्यांच्या वेळेचा हिशेब नसता, तर प्रगती खुंटल्याचे इतक्या स्पष्टपणे ध्यानी आले नसते.

टप्प्यांची रचना :
न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डने स्वतःवर प्रयोग करून संपूर्ण हंगामाची आखणी केली. प्रथम आठवड्याला सुमारे १०० मैलांचा पाया, नंतर चढावरील सराव, शेवटी वेग, असा तिचा क्रम होता. २ सप्टेंबर १९६० रोजी रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या पीटर स्नेल (८०० मीटर) व मरी हालबर्ग (५००० मीटर) या शिष्यांनी एकाच दिवशी सुवर्णपदके जिंकली.

निष्कर्ष :
सरावाचे वेळापत्रक ही आज्ञा नसून अनुमान असते आणि नोंदी त्या अनुमानाची परीक्षा घेतात, हे वरील विवेचनावरून दिसून येते. आपल्या महाविद्यालयांत अनेकदा स्पर्धा तोंडावर आल्यावर सराव सुरू होतो आणि उपस्थितीपलीकडे फारसे काही लिहिले जात नाही. घरची शेतीची कामे उरकून किंवा दूरच्या गावाहून एस.टी.ने येणाऱ्या विद्यार्थ्याची झोप, सकाळची नाडी व थकवा यांचीही नोंद अंतर आणि वेळेसोबत व्हावयास हवी. अन्यथा थकलेल्या विद्यार्थ्याला आपण आळशी ठरवू आणि एक गुणी धावपटू मैदानापासून कायमचा दुरावेल.