वंगणाची बखर

चाकाचा शोध माणसाने लावला, हे शाळेत शिकवतात. त्या चाकाची कुरकुर ऐकून त्यात पहिल्यांदा तेल कोणी घातलं, हे मात्र कुठल्याच क्रमिक पुस्तकात नाही. इजिप्तमधल्या एका थडग्यात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचं चित्र आहे. एक अजस्र पुतळा घसरगाडीवर चढवून माणसांच्या रांगाच्या रांगा ओढताहेत, आणि गाडीच्या पुढ्यात उभा एक जण भांड्यातून शांतपणे काहीतरी ओततो आहे. वंगणखात्याचा हा आद्यपुरुष! ओढणाऱ्यांचं त्याच्याविषयी काय मत होतं, ते चित्रकाराने काढलेलं नाही.

आमची देवणी बैलांसाठी प्रसिद्ध. वानेरा, बालंक्या, शेवरा असे देवणी गोवंशाचे तीन प्रकार. पण बैल कितीही देखणा असो, गाडी पळते ती वंगणावर. आखाभोवती तेलात भिजवलेला ताग किंवा चिंधी, आणि गाडीखाली लोंबणारं वंगणाचं नळकांडं. तेल कोणतं? घरात असेल ते! एरंडेल दाट, म्हणून त्याला मान. करडीचं मुबलक, म्हणून तेही चालायचं. करडी जाळून काढलेलं काळं, चिकट तेल दख्खनमध्ये मोटेच्या दोराला आणि चामड्याला लावत. म्हणजे एकाच करडीची एक धार पिठल्यात आणि दुसरी विहिरीवर.

मग 1853 मध्ये बोरीबंदरहून आगगाडी निघाली. साहेबाने नवं तेल आणलं असेल, असं तुम्हाला वाटेल. पण आपल्याकडच्या रेल्वेने सुरुवातीच्या काळात वंगणाला एरंडेलच वापरलं. ज्या तेलाच्या नुसत्या वासाने घरातली पोरं माडीवर पळत, ते पिऊन इंजिन खुशीत शिट्टी मारी! 'कॅस्ट्रॉल' या नावातलं 'कॅस्टर' म्हणजे आपली एरंडीच. 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ लातूरला पोचला. त्या काळी रेल्वेच्या डब्यांना आसपेट्या असत आणि त्यांत तेलात भिजवलेल्या सुताचे बोळे कोंबलेले असत. थोडक्यात, तेल आणि चिंधी! आमच्या गाडीवानाची कृती, फक्त टोपी साहेबाची. तेल आटलं की आस तापायचा, धूर निघायचा आणि गाडी खोळंबायची.

1859 मध्ये अमेरिकेत ड्रेकने जमिनीतून खनिज तेल काढलं आणि हळूहळू स्वयंपाकघराचा व इंजिनाचा संसार वेगळा झाला. आमच्या गल्लीत मात्र तो अजून एकत्रच आहे, हे भाच्याने इंजिन पाठवलं तेव्हा कळलं. इंजिन वीतभर, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं. ते रुळावर ठेवायच्या आत सल्लागार हजर. शेजारचे गुरुजी म्हणाले, "काका, खोबरेल घाला दोन थेंब." त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "छे हो, करडीचं घाला, घाण्याचं आहे."

दोन्ही सल्ले प्रेमाचे, पण दोन्ही जीवघेणे. खोबरेल थंडीत गोठतं. करडीचं तेल हवेत सुकून कडक होतं, म्हणून तर ते रंगांत वापरतात. ते घातलं असतं तर इंजिनाला आतून व्हार्निश लागलं असतं. एरंडेल इतकं जड, की चिमुकल्या मोटारीला ते ढकलवणार नाही. इथे प्लास्टिकला बाधणार नाही असं पातळ तेल लागतं. काही तेलांनी प्लास्टिक फुगतं नाही तर तडकतं. आसाच्या टोकाला सुईच्या अग्रावर मावेल एवढा थेंब, दातेरी चाकांना मऊ ग्रीसचा नुसता हात. रूळ आणि चाकांच्या कडा कोरड्याच ठेवायच्या, कारण वीज तिथूनच वर चढते.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय 1998 पासून आहे. तिथे इवल्या गाड्या पळायला लागल्या की मुलं टाळ्या पिटतात. टाळ्या इंजिनाला. थेंब घालणाऱ्याला कोण विचारतो? इजिप्तच्या त्या गृहस्थाचं नाव तरी कुठे कुणाला ठाऊक आहे!

हे सगळं गुरुजींना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सुईच्या टोकावर एक थेंब? काका, एवढ्याशा वंगणावर आमची पेन्शनची फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली नव्हती!"