पाव मैलाची गाडी

आमच्या तलवाड्याच्या टेकडीवर त्वरितादेवीचे देऊळ आहे. त्वरिता म्हणजे भक्ताच्या हाकेला त्वरेने धावून येणारी. देवीचे नाव असे असले तरी गावाला मात्र कसलीच घाई नाही. गेवराई तालुक्यातले हे गाव आपल्या चालीने चालते, आणि मीही त्याच चालीचा माणूस. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पोटासाठी शाळेत कार्यानुभव शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. अशा माणसाने शर्यतीच्या गाडीवर लेख लिहावा, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. मलाही वाटले होते. पण गेल्या श्रावणात सातवीतल्या एका मुलाने एक चित्र आणून माझ्यासमोर धरले आणि तिथून सारे सुरू झाले.

चित्र एका जुन्या मोटारीचे होते. मोटार म्हणायची ती केवळ चाके चार होती म्हणून. दरवाजे नाहीत, टप नाही, चिखलपंखे नाहीत, समोरची काचही नाही. लोखंडाच्या दोन लांब पट्ट्या, त्यांच्यावर उघडे इंजीन, आणि त्यामागे एक माणूस गुडघे दुमडून बसलेला.

"सर, हिला अपघात झालाय का?" पोराने विचारले.

"नाही रे," मी म्हटले, "ही मुद्दामच अशी केलेली दिसते." पण का केली, ते मला सांगता येईना. मास्तराला उत्तर आले नाही की त्याची झोप जाते. ते शोधता शोधता मी थेट अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया प्रांतात जाऊन पोचलो.

तिथे वाळवंटात काही कोरडी तळी आहेत. पाणी आटून त्यांचा तळ आमच्या सारवलेल्या खळ्यासारखा सपाट झाला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच तिथली तरुण मंडळी आपापल्या मोटारी त्या तळांवर पळवीत. युद्ध संपले आणि विमानांची व रणगाड्यांची इंजिने दुरुस्त करून हात तयार झालेली हजारो पोरे घरी परतली. खिशात पैसा बेताचा. पण फोर्ड कंपनीच्या जुन्या मोटारी भंगाराच्या भावात मिळत होत्या. कंपनीचे 'मॉडेल टी' १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या घरात खपले होते, आणि १९३२ साली तिने आठ नळकांड्यांचे स्वस्त इंजीनही बाजारात आणले होते. मग काय! एका मोटारीचा सांगाडा, दुसरीचे इंजीन, तिसरीचा आख, असे जमवून घरामागच्या पडवीत गाड्या तयार होऊ लागल्या.

शर्यतही साधी होती. सरळ रस्ता, दोन गाड्या शेजारी शेजारी, दोन्ही जागच्या जागी उभ्या. झेंडी पडली की सुटायचे आणि पाव मैल, म्हणजे १,३२० फूट, आधी संपवील तो जिंकला. वळण नाही, फेरी नाही. हिला तिकडे ड्रॅग शर्यत म्हणतात. सुरुवातीला ही पोरे सार्वजनिक रस्त्यांवरच हा उद्योग करीत. अपघात होत, पोलीस मागे लागत, वर्तमानपत्रांतून शिव्या बसत. तेव्हा काही शहाण्या माणसांनी विचार केला, की पोरांची हौस मोडता येणार नाही. तिला जागा आणि नियम दिले पाहिजेत. १९५० साली सँटा आना या गावी विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर शर्यती सुरू झाल्या. १९५१ साली वॉली पार्क्स या मासिक-संपादकाने या खेळाची राष्ट्रीय संघटना स्थापन केली, आणि १९५५ साली कॅन्सस प्रांतातल्या ग्रेट बेंड येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. ती पावसाने धुऊन काढली आणि अंतिम धावा पुढे ॲरिझोनात उरकाव्या लागल्या. पावसापुढे अमेरिकेचेही काही चालत नाही, हे वाचून मला अंमळ समाधान वाटले.

दरवाजे आणि टप का काढले, त्याचे उत्तरही मिळाले. जितके वजन कमी, तितकी गाडी लवकर वेग घेते. जे पळण्याच्या कामाचे नाही ते उतरवायचे, असा हा हिशेब. मागच्या चाकांवर मात्र भार हवा, नाहीतर ती जागीच गरगरतात. म्हणून १९५४ च्या सुमारास मिकी थॉम्प्सन वगैरे मंडळींनी चालकालाच मागच्या आखाच्या मागे नेऊन बसवले. बेचकीच्या चामड्यात खडा असावा तसा तो दिसे, आणि त्या गाडीला नावही बेचकीचेच पडले. अशा उत्तम गाड्या तेव्हा पाव मैल दहा-अकरा सेकंदांत काटीत.

"सर, आपण करायची का अशी?" पोराने विचारले. त्याच्या डोळ्यांत गाडी अगोदरच सुटली होती.

खरी करणे आमच्या आवाक्याबाहेरचे. पण नमुना का करू नये? तिकडे असे नमुने १:२५ या प्रमाणात करण्याचा प्रघात आहे. ए. एम. टी. नावाच्या कंपनीने १९५८ पासून प्लॅस्टिकचे सुटे भाग पेटीत घालून विकले आणि घरोघरची पोरे ते जोडू लागली. आमच्याकडे पेटी नव्हती; परंतु प्रमाण उसने घ्यायला पैसे पडत नाहीत. फळ्यावर गणित मांडले. फोर्डच्या 'मॉडेल ए'चे पुढच्या-मागच्या आखांतले अंतर १०३ इंच आणि वर अर्धा, म्हणजे २६३ सेंटिमीटर. त्याला २५ ने भागले, साडेदहा सेंटिमीटर. पाव मैलाचे ४०२ मीटर. २५ ने भागले, १६ मीटर. एका पोराने लगेच शाळेच्या ओसरीला टेप लावला आणि ओरडला, "सर, आपल्या ओसरीत पाव मैल मावतोय!" वजनाचे गणित मात्र सगळ्यांना चकवून गेले. ६०० किलोची गाडी २५ पट लहान केली तर २४ किलोची होईल, असे सर्वांचे म्हणणे. पण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही २५ पटींनी घटतात. तेव्हा भागायचे ते १५,६२५ ने. उत्तर आले ३८ ग्रॅम. एवढी गाडी तळहातावर घ्यायची! घनाचा धडा मी वर्षानुवर्षे शिकवत आलो. पण त्या दिवशी तो पोरांना प्रथमच कळला, आणि खरे सांगायचे तर मलाही.

सामान घरचेच. पट्ट्यांना बांबूच्या कामट्या, आखाला मोडक्या छत्रीची काडी, इंजिनाला तेलाच्या डब्याचा पत्रा, चाकांना जुन्या चपलेचे रबर. तीन आठवड्यांत गाडी उभी राहिली. दिसायला झोकदार! दोन खिळ्यांमध्ये सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणली, गाडी मागे ओढली आणि सोडली. ती सुटली ती सरळ डाव्या भिंतीवर. पुन्हा सोडली, पुन्हा भिंतीवर. पोरे हिरमुसली. मीही हिरमुसलो, पण मास्तरांनी तसे दाखवायचे नसते.

शेवटी आमच्या गावच्या सुतारआबांना बोलावले. वय ऐंशीच्या पुढे. ते आले, चष्मा पुसून गाडी हातात घेतली, उलटी केली आणि म्हणाले, "मास्तर, तुमचा आख गुण्यात नाही."

खरेच नव्हता. मी सगळे मोजले होते. पण आख दांड्यांना काटकोनात बसला की नाही, ते गुण्या लावून पाहिलेच नव्हते. केसाएवढा तिरकेपणा, पण सोळा मीटरांत तो दीड हाताचा होतो. आबांनी छत्रीची काडी ठोकून सरळ केली आणि गाडी पुन्हा निरखून पाहिली. मग असे काही बोलले, की माझ्या सगळ्या अमेरिकावारीचा गर्व उतरला.

"ही तर पटाची छकडी हाय. आम्ही करत होतो की!"

शंकरपटाचे नाव मी ऐकले नव्हते असे नाही. विदर्भात तळेगाव दशासरचा शंकरपट प्रसिद्ध आहे; मराठवाड्यातही पट भरत आले आहेत. पण ड्रॅग शर्यत शोधताना तो माझ्या ध्यानात आला नव्हता. सरळ वाट, दोन जोड्या शेजारी शेजारी, झेंडी पडली की सुटायचे आणि सेकंदांवर निकाल! पुणे जिल्ह्यात हीच शर्यत घाटात होते, पुढे घोडी धावते आणि प्रत्येक गाड्याची वेळ घड्याळावर मोजतात. दोन्ही ठिकाणी वळण नाही आणि फेरी नाही. कॅलिफोर्नियातल्या पोरांना वाटले असेल, की हा खेळ आपण शोधून काढला!

त्या संध्याकाळी आबा ओसरीत बसून गाडीची अंगे सांगू लागले. मधोमध तुंबा, त्यात रोवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना पाटे, आणि त्या सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि सारे चाक एकजीव होते. बैलगाडीला बाभळीचे जड लाकूड. पण पटाच्या छकडीला दोन दांड्या, आख, चाके आणि जू, बस्स. साटा नाही, कठडा नाही. जे पळण्याच्या कामाचे नाही ते उतरवायचे!

"आणि हाकणारा कुठं उभा राहायचा, आबा?"

"आखाच्या नेमका वर. पुढं सरला तर भार बैलाच्या मानेवर जातो. मागं सरला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलतं. तुमच्या अमेरिकेच्या गाडीत माणूस मागं बसलाय. ती उलाळ व्हत न्हाई?"

होते! जोरात सुटल्यावर तिची पुढची चाके जमीन सोडतात. मी सांगितले, की तिथे चाकेच गाडीला ढकलतात, म्हणून त्यांच्यावर भार लागतो. आबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हां. तिथं चाक बैल हाय. इथं चाक नुसतं मागं येतं." यंत्रशास्त्राचे पुस्तक हीच गोष्ट सांगायला दोन पाने घेईल.

मात्र एक फरक मोठा आहे आणि तो लपवून चालणार नाही. इंजिनाला वेदना नसतात, बैलाला असतात. पराणी, चाबूक, शेपटी पिरगाळणे असे प्रकार शर्यतीत घडत होते. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. आता काठी-चाबकाला मज्जाव आहे. मी आबांना विचारले, तर ते म्हणाले, "मारून पळवलेला बैल एकदा पळतो. सांभाळलेला धा वर्सं पळतो." नियम पाळला जातो की नाही हे पाहणे आता आपल्या सर्वांच्या हाती आहे. तिकडे रस्त्यावरच्या शर्यतीला धावपट्टीवर नेऊन शिस्त लावली, तशीच इथेही लागली तर खेळही राहील आणि मुके जनावरही.

घरी गाडी घडवण्याची हौस आपल्याकडे बैलगाडीपाशीच थांबली असे मात्र नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी १९४५ साली लहान मोटार बनवण्याचा ध्यास घेतला, १९४९ साली दोन माणसांची पहिली गाडी रस्त्यावर आणली आणि पुढे पाव शतक तिच्यात सुधारणा केल्या. 'मीरा' हे तिचे नाव. सामान्य कुटुंबाला सुमारे बारा हजार रुपयांत ती मिळावी, असे त्यांचे स्वप्न होते. ती कारखान्यातून कधीच बाहेर पडली नाही. तिकडच्या पोरांना जुन्या फोर्डचे डोंगर हाताशी होते. इथे गावात मोटारच विरळा, मग भंगार कुठले? मॅट्रिकच्या पाटीखाली जन्म काढलेल्या मला त्या सातवीचे फार अप्रूप वाटते. अलीकडे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी जीप उभी केली, दुचाकीसारखी लाथ मारून सुरू होणारी. २०२२ साली आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. मीरेला असा गिऱ्हाईक भेटता तर!

असो. आमच्या गाडीकडे वळतो. आख गुण्यात आला आणि ती सरळ धावली. पहिल्या खेपेला अकरा मीटर, मग तेरा. पाव मैल पुरा होईना. आबा रोज येऊन बसू लागले. एके दिवशी त्यांनी पिशवीतून एक वस्तू काढली. बाभळीची चिमुकली छकडी, त्याच १:२५ प्रमाणात. तुंबा बोराएवढा, त्यात बारा आरे, वर पत्र्याची धाव. "तीस वर्सांनी चाक भरलं," ते म्हणाले. टायरगाडी आली तेव्हापासून गावात लाकडी चाकाचे काम उरले नव्हते. बलुत्याचे धान्य तर त्याच्याही आधी बंद झाले होते. त्यांची मुले शहरात दरवाजे-खिडक्यांची कामे करतात.

हा सारा खेळ सुरू करणारा तो मुलगा छकडी हातात घेऊन बराच वेळ चाक फिरवत बसला. त्याचे आईबाप ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असली की दिवाळीच्या सुमारास टोळी निघते आणि आमचे वर्ग निम्मे रिकामे होतात. यंदा त्याने गावातच आजीपाशी राहावे म्हणून मी त्याच्या बापाला दोनदा भेटलो. बाप म्हणाला, "बघू सर." या 'बघू'चा अर्थ आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे.

हा लेख लिहीत असताना आकाशकंदील लावून झाले आहेत. काल संध्याकाळी तो मुलगा ओसरीत आला. हातात आबांचा जुना गुण्या.

"सर, आबांनी दिला. म्हणाले, चाक भरायला शिकवतो. पण चार महिने लागतील."

"मग?"

"बाबांना सांगितलं. ते म्हणाले, बघू." मग थोडे थांबून म्हणाला, "पण आज हसून म्हणाले."

त्याने ट्यूबची पट्टी ताणली आणि गाडी सोडली. ती चौदा मीटरांवर थांबली. दोन अजून राहिले आहेत.